नोशीर अंतिया

डॉ. नोशीर होरमसजी अंतिया (इ.स. १९२२ – इ.स. २००७) हे भारतीय शल्यचिकित्सक, कुष्ठरोगाचे संशोधक आणि सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक होते. प्लास्टिक सर्जरी, म्हणजेच सुघटन शल्यचिकित्सा, भारतात रुजवणाऱ्या पहिल्या पिढीतील शल्यचिकित्सकांत त्यांची गणना होते. रोग बरा झाल्यावरही शरीरावर मागे राहणाऱ्या खुणा दूर करणे, विशेषतः कुष्ठरोगातून मुक्त झालेल्या व्यक्तींची सैल पडलेली त्वचा, बसलेले नाक, लांबलेल्या कानाच्या पाळ्या आणि न मिटणारे डोळे पूर्ववत करणे, हे त्यांच्या शल्यकर्माचे मुख्य क्षेत्र होते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील टाटा सुघटन शल्यचिकित्सा विभाग त्यांनी उभारला. फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ आणि फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्थांचे ते संस्थापक होते. भारत सरकारने १९९० मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

शिक्षण आणि इंग्लंडमधील वास्तव्य

अंतिया यांचा जन्म हुबळी येथे एका पारशी कुटुंबात झाला. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी १९४५ मध्ये वैद्यकीय पदवी घेतली. पुढील शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि तेथे त्यांनी एफ.आर.सी.एस. ही अर्हता मिळवली. तेथेच त्यांना सर हॅरल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकण्याची संधी मिळाली. या सहवासाने त्यांच्या पुढील आयुष्याची दिशा ठरली.

गिलीज (१८८२–१९६०) हे आधुनिक सुघटन शल्यचिकित्सेचे जनक मानले जातात. पहिल्या महायुद्धात खंदकांतून परतलेल्या, चेहरे उद्ध्वस्त झालेल्या सैनिकांवर त्यांनी सिडकप येथे शस्त्रक्रिया केल्या, तर दुसऱ्या महायुद्धात बेझिंगस्टोक येथील केंद्र चालवले. काय गमावले आहे याचे अचूक निदान केल्याशिवाय काही जोडायला घेऊ नये, ही त्यांची शिस्त होती. नाक बसलेले दिसले की वरून कातडी लावण्याचा मोह होतो. परंतु अनेक रोगांत बाहेरची कातडी शाबूत असते आणि आतले अस्तर नष्ट होऊन आकसलेले असते. उपदंशाने बसलेल्या नाकांबाबत गिलीज यांनी हे दाखवून दिले होते. आतून त्वचेचे नवे अस्तर लावले की जुनीच कातडी पुन्हा वर उचलली जाते. हा धडा पुढे कुष्ठरोग्यांच्या बाबतीत अंतिया यांच्या उपयोगी पडला.

या विद्येचा प्रवास पाहता एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात इंग्रज फौजेबरोबर असलेला कावसजी नावाचा बैलगाडीवान पकडला गेला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुण्याजवळ एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बनवून दिले. या शस्त्रक्रियेचे वर्णन लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये चित्रासह छापून आले. ते वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८१४ मध्ये तोच प्रयोग लंडनमध्ये यशस्वी केला आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. युरोपातील सुघटन शल्यचिकित्सेचा आधुनिक इतिहास बहुधा येथूनच सांगितला जातो. सुमारे दीडशे वर्षांनी हीच विद्या, पुष्कळ वाढून, अंतिया यांच्याबरोबर पुण्यात परतली.

कोंढव्याचे रुग्णालय

मायदेशी परतल्यावर, पन्नासच्या दशकाच्या मध्यास, अंतिया यांनी पुण्याजवळील कोंढवा येथील कुष्ठरोग रुग्णालयात शस्त्रक्रिया करण्यास सुरुवात केली. त्या वेळी कुष्ठरोगाच्या उपचारात मोठे स्थित्यंतर घडत होते. डॅप्सोन हे औषध चाळिशीच्या दशकात वापरात आले होते आणि प्रथमच रोग आटोक्यात येऊ लागला होता. तमिळनाडूतील वेल्लोर येथे पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोगाने वाकलेल्या बोटांवर स्नायूबंध वळवण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या होत्या. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांचे आनंदवन उभे राहत होते.

औषधाने जंतू मरत असले तरी रुग्ण घरी जात नसत. त्वचेतील गाठी विरून गेलेल्या, तपासणीत जंतू नाहीत, डॉक्टरांनी रोगमुक्त ठरवलेले, अशी माणसे रुग्णालयाच्या आवारात किंवा देवळांच्या पायऱ्यांवर आयुष्य काढीत. कारण गाव प्रयोगशाळेचा अहवाल पाहत नाही, चेहरा पाहते. भुवया गेलेल्या, नाक बसलेले, कानाच्या पाळ्या लोंबणाऱ्या आणि गालांची कातडी सैल होऊन खाली आलेली असली की तिशीतला माणूस साठीचा दिसे आणि पाहणाऱ्याला रोगाचे नाव सांगावे लागत नसे. कायद्यानेही या समजाला बळ दिले होते. १८९८ चा कुष्ठरोगी अधिनियम प्रत्यक्षात निरुपयोगी झाल्यावरही पुस्तकात राहिला आणि २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण व्यक्तिगत कायद्यांतून २०१९ मध्ये वगळले गेले.

कुष्ठरोग्यांच्या चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करणे त्या काळी अनेकांना अनावश्यक वाटे. हात आणि पाय दुरुस्त केले तर माणूस काम करू लागतो, हे पटण्याजोगे होते. चेहऱ्याची दुरुस्ती ही मात्र सौंदर्याची, म्हणजे चैनीची बाब मानली जाई. अंतिया यांनी हा भेद स्वीकारला नाही. दुरुस्त हाताला काम मिळण्यासाठी आधी माणसाला उभे करून घेतले पाहिजे, आणि ते चेहऱ्यावर ठरते, अशी त्यांची भूमिका होती. १९६३ मध्ये इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या नियतकालिकात कुष्ठरोगातील चेहऱ्याच्या पुनर्रचनेवर त्यांचा विस्तृत लेख प्रसिद्ध झाला. या विषयावरील नंतरच्या लेखनात त्याचा वारंवार आधार घेतला गेला आहे.

सैल त्वचेचा प्रश्न

कुष्ठरोगाच्या लेप्रोमॅटस प्रकारात जंतू त्वचेत मोठ्या संख्येने साठतात. कपाळ, गाल, नाक आणि कानाच्या पाळ्या जाड होतात, त्यांवर गाठी येतात. शरीराचे थंड भाग या जंतूंना अधिक मानवतात, म्हणून कान आणि नाक यांवर त्यांचा भर असतो. महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, ताणलेल्या अवस्थेत राहिलेल्या त्वचेतील लवचीक तंतू नष्ट होतात. औषधाने आतील भरणा ओसरतो, गाठी विरतात, पण वाढलेले आवरण तसेच राहते. रिकाम्या झालेल्या पोत्याप्रमाणे कातडी खाली येते. नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतच्या घड्या खोल होतात, पापण्यांखाली पिशव्या पडतात आणि कानाची पाळी मानेपर्यंत लांबलेली दिसते. रोग जितका पूर्णपणे बरा होतो, तितकी ही विरूपता उघड होते.

मोठ्या प्रमाणात वजन घटवलेल्या व्यक्तींमध्ये आढळणारी सैल त्वचा याच तत्त्वाने तयार होते. स्थूलतेत त्वचा मेदाभोवती वाढत जाते आणि तिच्यातील कोलॅजेन व लवचीक तंतूंची रचना मोडते. आहारनियंत्रणाने किंवा जठरावरील शस्त्रक्रियेने चाळीस-पन्नास किलो वजन उतरले, तरी त्वचा त्या प्रमाणात आकसत नाही. पोट, दंड, मांड्या आणि छाती यांवर तिच्या घड्या लोंबतात, घड्यांत घाम साचून बुरशीचा संसर्ग होतो, चालणे व कपडे घालणे अवघड होते. व्यायामाने स्नायू बळकट होतात, परंतु तुटलेले तंतू परत येत नाहीत. जादा कातडी कापून काढणे हाच त्यावरील उपाय ठरतो. पोटावरील लोंबता मेद व त्वचा काढण्याची शस्त्रक्रिया बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हॉवर्ड केली यांनी १८९९ मध्ये नोंदवली; त्यांनी काढलेल्या भागाचे वजन सात किलोंहून अधिक होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्राझीलचे इव्हो पितांगी आणि इतरांनी या शस्त्रक्रियेला आजचे रूप दिले. आज तिचे अनेक प्रकार मोठ्या शहरांतील रुग्णालयांत नियमित होतात.

ही शस्त्रक्रिया उपचार मानावी की सौंदर्यवर्धन, याबद्दल आजही विमा कंपन्या आणि रुग्ण यांच्यात वाद होतात. वजन उतरवून मधुमेह आणि सांधेदुखीतून सुटलेल्या व्यक्तीला लोंबणाऱ्या कातडीसह जगण्यास सांगितले जाते, कारण तिचा आजार बरा झाला आहे असे कागदोपत्री ठरते. कोंढव्याच्या आवारात बसलेल्या माणसांबाबत नेमका हाच युक्तिवाद केला जात होता. दोन्ही स्थितींची तीव्रता आणि त्यामागचा सामाजिक कलंक सारखा नाही, हे खरे. पण अंतिया यांनी त्या काळी घेतलेली भूमिका आजच्या वादातही अप्रस्तुत ठरत नाही.

कुष्ठरोगातील सैल त्वचेसाठी वापरल्या जाणाऱ्या शस्त्रक्रिया वरवर साध्या आहेत. कानासमोर छेद घेऊन गालाची कातडी मोकळी करायची, वर आणि मागे ओढून जादा भाग कापायचा, ही पाश्चात्त्य देशांत श्रीमंत व वयस्कर स्त्रियांसाठी विकसित झालेली पद्धत होती. नाकाशेजारच्या खोल घड्या फार मोठ्या असल्यास त्या सरळ कापून काढाव्या लागतात. तेथील व्रण नैसर्गिक घडीत लपतो. कानाच्या पाळीचा वाढलेला भाग पाचरीसारखा काढून कडा जुळवल्या जातात. भुवयांच्या जागी डोक्यावरील केसांसह कातडीची पट्टी लावली जाते. नाकाला आतून नवे अस्तर व आधार दिला जातो. डोळा पूर्ण मिटत नसल्यास कानशिलावरील स्नायूची पट्टी पापण्यांत ओवतात. रुग्णाने दात आवळले की डोळा मिटतो. ही शेवटची शस्त्रक्रिया केवळ दिसण्यासाठी नसते. उघड्या राहिलेल्या डोळ्याला बधिरपणामुळे कचरा गेलेला कळत नाही आणि दृष्टी जाते.

लेप्रोमॅटस रोगात वृषणांना इजा झाल्याने काही पुरुषांची छाती स्त्रीप्रमाणे वाढते. हा विषय रुग्ण सहसा बोलून दाखवीत नाहीत. सदरा काढून शेतात काम करण्याची सवय असलेल्या पुरुषाला तो नाकाइतकाच छळतो. स्तनाग्राभोवतीच्या लहान छेदातून आतील ऊती काढण्याची शस्त्रक्रिया त्यामुळे कुष्ठरोगाच्या पुनर्रचना-शल्यात समाविष्ट झाली.

जे. जे. रुग्णालयातील विभाग

१९५८ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात अंतिया यांच्या नेतृत्वाखाली सुघटन शल्यचिकित्सेचे काम सुरू झाले. त्याच वर्षी नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी या विषयाचा स्वतंत्र विभाग स्थापन केला. महाराष्ट्रातील या दोन केंद्रांतून पुढे देशभरातील अनेक सुघटन शल्यचिकित्सक तयार झाले. जे. जे. मधील विभाग टाटांच्या देणगीमुळे टाटा विभाग या नावाने ओळखला जातो.

कुष्ठरोग्यांना वेगळ्या आवारात न ठेवता सर्वसाधारण रुग्णालयात, इतर रुग्णांच्या शेजारच्या खाटेवर दाखल करावे, असा अंतिया यांचा आग्रह होता. रोगाचा संसर्ग समजला जातो तितका सहज होत नाही आणि शस्त्रक्रियेसाठी येणारे बहुतेक रुग्ण संसर्गजन्य राहिलेले नसतात, ही वैद्यकीय वस्तुस्थिती होती. तरीही रुग्णालयांतील भीती डॉक्टर, परिचारिका आणि कर्मचारी या सर्वांत होती. वेगळी कुष्ठालये चालू ठेवून समाजाला मात्र भेदभाव करू नका असे सांगण्यातील विसंगती त्यांना मान्य नव्हती. पुढे देशाच्या कुष्ठरोग कार्यक्रमानेही हा रोग सर्वसाधारण आरोग्यसेवेत सामावून घेण्याचे धोरण स्वीकारले.

या विभागात भाजलेल्या रुग्णांची संख्या मोठी असे. त्यांत तरुण विवाहित स्त्रिया, रॉकेलचे स्टोव्ह आणि सासरच्या घरांतील मूक राहिलेल्या कहाण्या असत. दुभंगलेले ओठ व टाळू, अपघात, कर्करोगानंतरची विरूपता अशी कामेही येथे होत.

डॉ. व्ही. आय. बुच यांच्यासह अंतिया यांनी १९६७ मध्ये कानाच्या वरच्या कडेचा तुटलेला भाग भरून काढण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. तीत कानाची कड पुढील कातडी व कूर्चा यांसह मोकळी केली जाते, मागची कातडी शाबूत ठेवली जाते आणि पाळीतील सैलपणाचा उपयोग करून दोन्ही टोके एकमेकांकडे सरकवली जातात. कान किंचित लहान होतो, पण त्याचा आकार टिकतो. अंतिया-बुच पद्धत या नावाने ती आज जगभरातील पाठ्यपुस्तकांत आहे आणि कानावरील त्वचेचा कर्करोग काढल्यानंतर सर्रास वापरली जाते.

पोटावरील ऊतीचे मुक्त रोपण

याच दोघांनी १९७१ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ प्लास्टिक सर्जरी या नियतकालिकात एक लहानसा लेख लिहिला. चेहऱ्यावरील खोलगटपणा भरण्यासाठी त्यांनी पोटावरील अंतस्त्वचा आणि मेद यांचा तुकडा रक्तवाहिन्यांसह काढून चेहऱ्यात बसवला होता आणि त्याच्या रक्तवाहिन्या तेथील रक्तवाहिन्यांना थेट जोडल्या होत्या.

तोपर्यंत मेद एका जागेहून दुसऱ्या जागी नेल्यास रक्तपुरवठ्याअभावी त्यातील बराचसा विरघळून जाई. मोठा तुकडा न्यायचा असेल तर गिलीज यांच्या नळीसारख्या पटाची दीर्घ पद्धत होती: पोटाची कातडी आधी मनगटाला जोडायची, काही आठवडे थांबायचे, मग मनगटावरून ती चेहऱ्यावर न्यायची. रुग्ण कित्येक आठवडे हात चेहऱ्याला बांधून राही. एक-दोन मिलिमीटर जाडीच्या रक्तवाहिन्या जोडता आल्या तर हे सर्व एका बैठकीत होऊ शकते, हे साठच्या दशकात अनेक देशांतील शल्यचिकित्सकांच्या लक्षात आले होते आणि त्या दिशेने सॅन फ्रान्सिस्को, मेलबर्न व टोकियो येथे प्रयत्न चालू होते. मेलबर्नच्या डॅनियल आणि टेलर यांचा गाजलेला अहवाल १९७३ चा आहे. अंतिया आणि बुच यांचा अहवाल त्याआधीचा असल्याने मुक्त ऊतिरोपणाच्या इतिहासात तो सर्वांत आरंभीच्या नोंदींपैकी एक गणला जातो. तरीही पुढील कित्येक वर्षे त्याला मिळायला हवी होती तितकी प्रसिद्धी मिळाली नाही.

केली यांच्या काळापासून पोटावरील जादा त्वचा व मेद टाकून देण्याची वस्तू होती. अंतिया-बुच यांच्या शस्त्रक्रियेत तीच दुसरीकडची झीज भरून काढण्याचे साहित्य ठरली. स्तनाच्या कर्करोगानंतर पोटावरील सैल भाग वापरून नवा स्तन घडवण्याची आजची प्रचलित पद्धत याच तत्त्वावर उभी आहे.

मज्जातंतूंवरील संशोधन

शस्त्रक्रिया कितीही कुशल असली तरी ती रोगाच्या शेवटी येते, ही जाणीव अंतिया यांना संशोधनाकडे घेऊन गेली. कुष्ठरोगातील बहुतेक विकलांगता मज्जातंतूंच्या नाशामुळे येते. सत्तरच्या दशकाच्या मध्यास स्थापन झालेल्या आणि पुढे मुंबईत वरळी येथे चाललेल्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमध्ये मज्जातंतूंत जंतू कसे शिरतात व त्यांना इजा कशी होते याचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने प्रदीर्घ अभ्यास झाला. या विषयावर व्ही. पी. शेट्टी यांच्यासह संपादित केलेला त्यांचा ग्रंथ १९९७ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रकाशित केला. अपंग व्यक्तींच्या रोजगार व प्रशिक्षणासाठी १९६८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेच्या उभारणीतही त्यांचा पुढाकार होता.

मांडवा प्रकल्प

जे. जे. मध्ये येणारे बरेचसे कुष्ठरोगी कोकणातील आणि घाटावरील खेड्यांतून येत, आणि येत तेव्हा उशीर झालेला असे. त्वचेवरचा बधिर चट्टा पहिल्या वर्षीच कोणी ओळखला असता तर शस्त्रक्रियेची वेळ आली नसती. तो ओळखण्यासाठी शल्यचिकित्सक लागत नाही. या विचारातून अंतिया यांनी १९७३ मध्ये मुंबई बंदराच्या पलीकडे, तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील मांडवा परिसरात एक प्रकल्प सुरू केला. सुमारे तीस गावे आणि तीस हजार लोकवस्ती त्यात येत होती.

गावातीलच स्त्रियांना, ज्यांतील बहुतेकींचे शिक्षण अगदी थोडे किंवा मुळीच झालेले नव्हते, आरोग्य कार्यकर्त्या म्हणून शिकवण्यात आले. त्या घरची कामे सांभाळून अर्धवेळ काम करीत. गरोदर स्त्रियांची काळजी, लसीकरण, कुटुंबनियोजन, अतिसार, क्षयरोगाचा खोकला आणि कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणे व औषध नियमित घेतले जाते की नाही हे पाहणे, ही कामे त्यांनी आत्मसात केली. सरकारी यंत्रणेपेक्षा त्यांचा परिणाम अधिक दिसला. त्याचे कारण गुंतागुंतीचे नव्हते: त्या रोज त्याच लोकांत राहत आणि त्यांना उत्तरदायी होत्या. डॉक्टरांनाच येते असे मानलेले पुष्कळ काम अल्पशिक्षित स्त्री तितक्याच जबाबदारीने करू शकते, हा निष्कर्ष वैद्यक व्यवसायाला रुचणारा नव्हता; अंतिया यांनी तो वारंवार मांडला.

हा प्रकल्प १९८३ मध्ये बंद पडला. स्त्रिया आपल्या हक्काच्या आरोग्यसेवेबद्दल प्रश्न विचारू लागल्या, तेव्हा गावातील प्रस्थापित हितसंबंध दुखावले गेले आणि कार्यकर्त्यांना काम करणे अशक्य झाले. अंतिया यांनी हे अपयश लपवले नाही. प्रकल्प का संपला याचे विश्लेषण त्यांनी १९८८ मध्ये एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. लोकांचे आरोग्य हा अखेर सत्तेचा प्रश्न आहे, हा त्यांचा पुढील लेखनातील मुख्य सूर येथूनच आला. या विश्लेषणात गावकऱ्यांच्या आपापसांतील जातीय व आर्थिक भेदांना कमी स्थान मिळाले, असे म्हणता येईल. मात्र स्वतःच्या प्रकल्पाचा शेवट इतक्या मोकळेपणाने लिहिणारे वैद्यकीय संस्थाचालक विरळा.

मांडव्याच्या अनुभवाचा अभ्यास पुढे नेण्यासाठी १९७५ मध्ये स्थापन झालेल्या फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थने नंतर पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात परिंचे खोऱ्यात काम केले. तेथे प्रशिक्षित स्त्रियांना गावकरी ताई म्हणत.

ग्रामीण शल्यचिकित्सा आणि खानदेश

गावातील आरोग्य कार्यकर्तीच्या पुढची पायरी तालुक्याच्या ठिकाणचा शल्यचिकित्सक, अशी अंतिया यांची मांडणी होती. नव्वदच्या दशकात ग्रामीण शल्यचिकित्सकांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली, तेव्हा त्यांनी तिला सक्रिय प्रोत्साहन दिले. महागडे साहित्य आणि शहरी पद्धती यांची नक्कल न करता, गुणवत्ता राखून स्वस्त शस्त्रक्रिया कशी करता येईल यावर या संघटनेचा भर राहिला. त्यांच्या नावाने तेथे नवोपक्रमासाठी पुरस्कारही दिला जातो.

या चळवळीचे एक ठळक उदाहरण खानदेशातील आहे. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा हे गाव नंदुरबार जिल्ह्याच्या सीमेलगत आहे. तेथील डॉ. आर. आर. टोंगावकर यांनी हर्नियाच्या शस्त्रक्रियेत उदरभित्तीला आधार देण्यासाठी बाजारातील महागड्या जाळीऐवजी निर्जंतुक केलेल्या मच्छरदाणीच्या कापडाचा वापर केला. त्यांचा आणि सहकाऱ्यांचा बहुकेंद्री अहवाल २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे आफ्रिकेतील काही देशांत ही पद्धत वापरली गेली आणि स्वस्त जाळी व महागडी जाळी यांच्या परिणामांत लक्षणीय फरक नसल्याचे युगांडातील २०१६ च्या चाचणीत दिसून आले.

सातपुड्याच्या रांगांतील अक्कलकुवा, धडगाव आणि तळोदा हे तालुके १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होते. त्या दिवशी नंदुरबार हा आदिवासीबहुल जिल्हा वेगळा झाला. कुपोषण आणि सिकल सेल यांबरोबरच कुष्ठरोगाचेही नवे रुग्ण येथे आढळत राहिले आहेत. भारताने डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आणल्याचे जाहीर केले, परंतु ती सरासरी देशाची होती. सातपुड्यातील पाड्यावरून येणाऱ्या रुग्णाला पुनर्रचना-शस्त्रक्रियेसाठी धुळे, नाशिक किंवा मुंबई गाठावी लागे, आणि त्या प्रवासात बुडणारी मजुरी हीच बहुधा शस्त्रक्रियेतील सर्वांत मोठी अडचण असे. नंदुरबार येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२० मध्ये सुरू झाले.

लेखन

वैद्यकीय शोधनिबंधांखेरीज अंतिया यांनी आरोग्यव्यवस्थेवर विपुल लेखन केले. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांच्या संयुक्त अभ्यासगटाने १९८१ मध्ये सर्वांसाठी आरोग्य या विषयावर पर्यायी धोरण मांडले; त्या विचारप्रक्रियेत त्यांचा सहभाग होता. लोकांचे आरोग्य लोकांच्या हाती असावे या सूत्रावरील, कविता भाटिया यांच्यासह संपादित केलेला ग्रंथ १९९३ मध्ये आला. खासगी वैद्यक व्यवसायातील अनावश्यक तपासण्या, औषध कंपन्यांचा प्रभाव आणि शहरी रुग्णालयांवरील अवाजवी खर्च यांवर त्यांनी स्पष्ट टीका केली. स्वतः एका अतिविशेष शाखेचे संस्थापक असलेल्या शल्यचिकित्सकाने अशी टीका करणे सहव्यावसायिकांना खटकत असे.

१९८० मध्ये जे. जे. मधून निवृत्त झाल्यावर त्यांनी उर्वरित आयुष्य संशोधन आणि सार्वजनिक आरोग्याच्या कामात घालवले. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र ‘अ लाइफ ऑफ चेंज’ हे त्यांच्या मृत्यूनंतर, २००९ मध्ये प्रकाशित झाले.